चूल, पाणी आणि आध्यात्मिक वाढ : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

आध्यात्मिक वाढीस पोषक अशा नित्याच्या सवयी कोणत्या, असे विचारले असता आपल्या भक्तिपर पुस्तिका ठरावीक उत्तर देतात : पहाटेचा एकांत, पवित्र शास्त्राचे वाचन, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना. हे उत्तर चुकीचे नाही. पण अपुरे आहे. बडोद्याच्या मांजलपुरात, शेजारच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांप्रमाणे ज्या घरांचा दिवस उगवतो व मावळतो, त्या घरांत असे वेळापत्रक फार दिवस टिकत नाही. आणि टिकले तरी, प्रार्थनेची घटका संपल्यावर उरलेल्या दिवसाचे काय, हा प्रश्न राहतोच.

या प्रश्नाचे उत्तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयात शोधू गेल्यास ते उपदेशग्रंथात नव्हे, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३७) या आत्मचरित्रात सापडते, असे आमचे मत आहे. या ग्रंथाचा विनोद आणि त्याची सरळ भाषा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सवयीचा ग्रंथ म्हणून मात्र तो क्वचितच वाचला जातो.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात त्या पतीकडे परतल्या, पण स्वयंपाकपाण्याचे सोवळे सांभाळीत राहिल्या. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे त्यांना पटले ते राहुरीस. आणि ते पटले एकाएकी. परंतु जे बुद्धीला पटले ते हाताला व जिभेला पटण्यास वेळ लागला. शिवाशिवीची जुनी किळस एकेक पाऊल टाकूनच घालवावी लागली. लेखिका हे सारे हसत हसत सांगते. म्हणून त्यातील तपश्चर्या वाचकाच्या ध्यानात येत नाही.

येथे ग्रंथाचे खरे धर्मशास्त्रीय मोल आहे. थॉमस अक्वायनस सद्गुणाला सवय म्हणतो; कृतीने कमावलेली सवय आणि कृपेने लाभलेली सवय असा भेदही करतो. 'स्मृतिचित्रे' त्यात एका गोष्टीची भर घालतात : नवी सवय लागण्यापूर्वी जुनी मोडावी लागते, आणि जुनी सवय बहुधा देवघरात नसून स्वयंपाकघरात असते. यापो येथे दृष्टान्त पाहिलेला पेत्रही पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला, हे पौलाने गलतीकरांस लिहिले आहे. दृष्टान्त झाला होता. सवय मोडली नव्हती.

ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही कथा उच्चवर्णीय स्त्रीने मोठेपणा सोडल्याची आहे. आपल्या मंडळ्यांतील अनेक घराण्यांचे पूर्वज महार-मांग समाजांतून आले. त्यांना सोडावयाचा होता तो मोठेपणा नव्हे, लादलेला कमीपणा. मान ताठ ठेवून पंक्तीला बसणे हीही आध्यात्मिक सवयच होय. तिचे चित्र या ग्रंथात शोधू नये. शिवाय लक्ष्मीबाईंच्या खाजगी प्रार्थनेविषयी येथे फारसे हाती लागत नाही. त्यांना संतचरित्राच्या साच्यात बसविणे म्हणजे ग्रंथावर अन्याय करणे होईल.

तरीही पाळकांनी व धर्मशिक्षकांनी हा ग्रंथ घरभेटीच्या तयारीसाठी वाचावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. ज्यांची मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात, अशा बडोद्यातील मराठी कुटुंबांत तो मोठ्याने वाचून दाखवावा. ही भाषा कानाला सहज कळते. आणि घरभेटीत 'रोज प्रार्थना करता ना?' एवढे विचारून थांबू नये. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा कप निराळा ठेवला आहे काय? मुलीचे स्थळ पाहताना मूळ जातीची चौकशी होते काय? पाळीवरून उशिरा आलेल्या माणसासोबत जेवायला घरातले कोणी थांबते काय? या प्रश्नांची उत्तरे बदलू लागली, तरच प्रभुभोजनाच्या मेजाशी घेतलेली भाकर घरापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.