बदलीच्या गावचे पाकशास्त्र

पाकशास्त्राच्या पुस्तकांचे परीक्षण करण्याची आपल्याकडे रीत नाही. ती फडताळात राहतात, ग्रंथांच्या कपाटात येत नाहीत. तरीही जूलिया चाइल्ड या अमेरिकन बाईंच्या फ्रेंच पाकग्रंथाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. कारण हा ग्रंथ बदलीच्या नोकरीतून जन्मास आला.

बाईंचे यजमान पॉल चाइल्ड अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात होते. १९४८ साली त्यांची पॅरिसला नेमणूक झाली, तेव्हा बाई छत्तीस वर्षांच्या होत्या आणि स्वयंपाकात त्यांना फारशी गती नव्हती. पुढील वर्षी त्यांनी ‘कोर्दों ब्ल्यू’ पाकशाळेत नाव घातले. मग मार्सेय, बॉन, ऑस्लो अशा बदल्या होत गेल्या. पण सिमोन बेक व लुइझेत बेर्थोल या सहलेखिकांबरोबरचे काम टपालाने चालूच राहिले. एका प्रकाशकाने हस्तलिखित नाकारले. अखेर १९६१ साली ते सातशेंहून अधिक पानांत छापून निघाले.

१९६३ पासून बॉस्टनच्या दूरचित्रवाणी केंद्राने बाईंना घरोघर पोचविले. सहा फुटांहून अधिक उंची, हेलकावे खाणारा स्वर आणि फजितीची मुळीच पर्वा नाही! जमिनीवर पडलेली कोंबडी त्यांनी उचलून घेतली, ही दंतकथा मात्र खोटी. तव्यातला बटाट्याचा थर उलटताना थोडा शेगडीवर सांडला व त्यांनी तो गोळा करून परत ठेवला, एवढेच घडले. या कीर्तीने ग्रंथाचे नुकसान केले असे आमचे मत आहे. बाईंचा विनोद सर्वांस आठवतो. त्यांच्या गद्याविषयी कोणी बोलत नाही.

आणि खरे सामर्थ्य त्या गद्यात आहे. साहित्याची यादी आरंभी देऊन त्या मोकळ्या होत नाहीत. ज्या पायरीला जे लागते ते तेथेच, शेजारी मांडतात. मांस परतण्यापूर्वी फडक्याने टिपून घ्यावे, असे सांगताना ओल्या मांसास रंग चढत नाही हे कारणही देतात. सॉस फुटला तर तो कसा सावरावा, तेही सांगतात. शिलाँगच्या किंवा कानपूरच्या सरकारी बंगल्यात ज्यांनी आईचे पत्र पुढे ठेवून आमटी केली आहे, त्यांना याचे मोल कळेल. ‘वास सुटला की उतरव’ असे पत्रात असते. कोणता वास, हे सांगायला आई जवळ नसते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याची मापे देऊन ही अडचण पुष्कळ दूर केली. चाइल्डबाई मापाबरोबर कारणही सांगतात.

दोष आहेतच. लोणी आणि साय यांना हात आखडता नाही, आणि गृहिणीची सारी दुपार मोकळी आहे असे गृहीत धरले आहे. १९७० च्या दुसऱ्या भागात तर भट्टीवरून विकत आणावयाचा लांबोडका पाव घरी करण्यासाठी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. फ्रेंच माणूसदेखील हा उपद्व्याप करीत नाही.

बाई २००४ साली वारल्या. त्याआधी, २००१ साली, त्यांनी आपले स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयास दिले. पॉलसाहेबांनी पत्नीच्या उंचीसाठी मुद्दाम उंच करविलेले ओटे तेथे पाहावयास मिळतात.