एकाच दारूला दोन नावे

अमेरिकेतील शिकारी आणि नेमबाज यांच्यात एक घरगुती उद्योग फार जुना आहे. रायफल झाडल्यावर उरलेली पितळी पुंगळी ते टाकून देत नाहीत. ती घरी आणतात, साच्यात घालून पुन्हा मूळ आकारात आणतात, बुडाशी नवी टोपी बसवतात, मोजून दारू भरतात आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवतात. दारू किती भरावी हे सांगणारी जाडजूड पुस्तके तिकडे दर काही वर्षांनी नव्या आवृत्तीत निघतात. लायमन, स्पीअर, हॉर्नडी, हॉजडन ही त्यांतली परिचित नावे. आपल्याकडे दारूगोळ्यावर परवान्याची कडक बंधने असल्यामुळे हा छंद नाहीच म्हटले तरी चालेल, आणि तो यावा असे आम्हांलाही वाटत नाही. तरी या पुस्तकांविषयी शिक्षकांसाठी चार शब्द लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे.

शास्त्राचे खास शिक्षण नसलेला माणूस इथे प्रयोगातून आलेल्या आकड्यांची कोष्टके वाचतो, त्यांच्यावर विसंबून स्वतः एक प्रयोग करतो, आणि तो प्रयोग त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर घडतो. असे दुसरे पुस्तक आम्हांला तरी आठवत नाही. शाळेच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत गुरुत्वत्वरणाचा आकडा चुकला तर फार तर दोन गुण जातात. इथे आकडा चुकीचा वाचला तर रायफल फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो. तेव्हा ही पुस्तके आपल्या आकड्यांविषयी काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

एखादे पान उघडावे. वर काडतुसाचे नाव आणि चाचणीचा तपशील असतो: नळीची लांबी, पुंगळी कोणत्या कंपनीची, टोपी कोणती. खाली दारूच्या प्रत्येक प्रकारापुढे आरंभीची मात्रा, कमाल मात्रा आणि त्या मात्रांना मिळालेला गोळीचा वेग. मात्रा ग्रेनमध्ये असते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. हे माप परके वाटले तरी आपल्या सराफाच्या तराजूशी त्याचे नाते आहे. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरला. थर्टी-ऑट-सिक्स या तिकडच्या लोकप्रिय रायफलीची १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा! दारूची मात्रा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत छापलेली असते. ९६ गुंजांचा तोळा धरला तर हा दहावा भाग गुंजेचा सुमारे एकोणिसावा हिस्सा भरतो. वेग सेकंदाला इतके फूट असा, चार अंकी.

इतक्या बारकाईने छापलेला आकडा पाहिला की वाचकाचा विश्वास बसतो. पण तोच प्रयोग पुन्हा केला तर हा आकडा किती हलेल, हे बहुतेक पुस्तकांत छापलेले नसते. अधिक-उणे हे चिन्ह शोधूनही सापडत नाही. चार सार्थ अंक लिहायचे, तर त्यांतला चौथा अंक खरोखर मोजलेला आहे की नुसता उपकरणाने दाखवला म्हणून उतरवला आहे, एवढे तरी सांगायला हवे. आपण दहावीच्या मुलांकडून ही अपेक्षा करतो.

हे न छापलेले अधिक-उणे एका योगायोगाने मात्र उघडे पडले. तिकडे एच ४१४ आणि विंचेस्टर ७६० अशा दोन दारू अनेक वर्षे वेगवेगळ्या डब्यांतून विकल्या जात. दोन कंपन्या, दोन नावे, कोष्टकात दोन वेगळ्या ओळी. वस्तुतः दोन्ही डब्यांतला माल एकच होता, एकाच कारखान्यातून आलेला. हलक्या बंदुकांसाठी वापरल्या जाणाऱ्या एच ११० आणि विंचेस्टर २९६ यांचीही तीच गोष्ट. जुन्या पुस्तकांत या जोड्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर गोळी तीच, काडतूस तेच, दारूही तीच असून कमाल मात्रा आणि वेग पुष्कळदा जुळत नाहीत. चाचणी करणाऱ्यांनी लबाडी केली असे मुळीच नाही. त्यांनी जे मोजले तेच छापले. नकळत त्यांनी एकच प्रयोग दोनदा केला, आणि दोन उत्तरांतले अंतर वाचकाच्या हाती दिले.

आपल्या प्रयोगशाळेत असे जाणूनबुजून करता येते. अनुमापनासाठी एकच द्रावण ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत भरून ठेवावे आणि मुलांना त्यांची तीव्रता काढायला सांगावी. ‘अ’पेक्षा ‘ब’ अधिक तीव्र आहे असे ठासून लिहिणारी मुले निघतीलच. मग बाटल्यांचे गुपित फोडावे. त्या तासाला त्रुटी या विषयावर वेगळे व्याख्यान देण्याची गरज पडत नाही.

उलट प्रकारही घडला आहे, आणि तो अधिक घातक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानविरोधी तोफांच्या काडतुसांतली शिल्लक दारू हॉजडन कंपनीने ४८३१ या क्रमांकाने विकली. पुढे दुसऱ्या कंपनीने आयएमआर ४८३१ या नावाची दारू बाजारात आणली. क्रमांक एकच, पण ही दुसरी दारू अधिक जलद जळते. नुसता क्रमांक पाहून पहिलीची कमाल मात्रा दुसरीला लावली तर दाब मर्यादेबाहेर जातो. आकड्याच्या आधी तो कशाचा आकडा आहे हे वाचावे लागते, ते असे.

एकाच दारूचे आकडे का जुळत नाहीत, याचे उत्तर दारूच्या जळण्यात आहे. धूररहित दारू फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ साली तयार केली. जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो, हा नियमही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दाब वाढला की दारू जलद जळते, जलद जळली की वायू लवकर साचतो, वायू साचला की दाब आणखी वाढतो. गोळी पुढे सरकून जागा मोकळी करते एवढाच या फेऱ्याला आळा. त्यामुळे मात्रा थोडी वाढवली तर वेग साधारण त्याच प्रमाणात वाढतो, दाब मात्र शेकडेवारीत त्याच्या दुपटीने किंवा त्याहूनही अधिक. लष्करी पुंगळीचे पितळ जाड असल्याने आतली पोकळी कमी असते, आणि तेवढ्यानेही दाब चढतो. गोळीचा आकार, तिचे तांब्याचे वेष्टण, ती किती आत बसवली, दारूची खेप कोणती, त्या दिवशी हवा किती तापली होती, या सगळ्यांचा हिशेब त्या एका आकड्यात जिरलेला असतो. पुस्तकाने सांगितलेली मात्रा ही त्यांच्या नळीतली, त्यांच्या खेपेची, त्या दिवसाची मात्रा आहे.

आता दाबाकडे वळू. काही पुस्तके तो छापतच नाहीत, नुसता वेग देतात. लायमन आणि हॉजडन यांच्या कोष्टकांत तो असतो, आणि एवढ्या एका कारणासाठी आम्ही त्यांना वरच्या रांगेत बसवू. पण छापलेला दाबही सावधपणे वाचावा लागतो. एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू नोबल यांनी तोफांसाठी वापरात आणलेली रीत रायफलींसाठीही शतकभर चालली. कोठीला भोक पाडून त्यात एक दट्ट्या बसवायचा, दट्ट्यापुढे तांब्याचे छोटे नळकांडे ठेवायचे, आणि बार उडाल्यावर ते किती चेपले हे मोजून कोष्टकातून दाब वाचायचा. कल्पना सुंदर आहे. अडचण अशी की तांब्याला चेपायला वेळ लागतो आणि दाबाचा शिखरबिंदू सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. कोष्टक तयार करताना तांब्यावर ठेवलेले वजन स्थिर असते, कोठीतला दाब तसा नसतो. पुढे दाबविद्युत स्फटिकाचे मापक आले तेव्हा हे उघड झाले. तोवर तांब्यावरून वाचलेला आकडा ‘पौंड प्रति चौरस इंच’ म्हणूनच छापला जात असे. जुन्या पुस्तकांत तो तसाच आहे.

अमेरिकेतील दारूगोळा उत्पादकांची ‘सामी’ ही संस्था १९२६ पासून कमाल दाबाचे मानक ठरवते. तिच्या मानकांत .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर या दोन्ही काडतुसांची मर्यादा तांब्याच्या मापाने ५२ हजारच आहे. स्फटिकाच्या मापाने मात्र पहिल्याची ५५ हजार आणि दुसऱ्याची ६२ हजार पौंड प्रति चौरस इंच. जुन्या .४५-७० काडतुसाला दोन्ही मापांनी २८ हजार. म्हणजे एका मापावरून दुसरे काढण्याचे एकच सूत्र कुणी देत असेल, तर ते घेऊ नये. एकक तेच असले तरी मापक कुठे बसवला याने फरक पडतो. नाटोच्या पद्धतीत तो पुंगळीच्या तोंडाशी असतो, सामीच्या पद्धतीत मध्यावर. ५.५६ मिलिमीटर नाटो काडतुसाची ६२ हजार ही मर्यादा .२२३ च्या ५५ हजारांशेजारी ठेवून सात हजारांचा फरक सांगणारे लेख पुष्कळ वाचायला मिळतात. त्या सात हजारांत दाब किती आणि जागा किती, हे त्या वजाबाकीतून कळत नाही.

दाब मोजण्याचे साधन घरी नसते, म्हणून छंदी लोक खुणा पाहतात: टोपी सपाट झाली का, बोल्ट उघडताना अडतो का, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला का. जुन्या पुस्तकांनी या खुणांना अवाजवी मान दिला असे आमचे मत आहे. पितळ आपली खूण दाखवते तेव्हा दाब बहुधा मर्यादा ओलांडून गेलेला असतो, आणि टोपी तर एका कंपनीची मऊ, दुसरीची कडक. खूण दिसली तर थांबावे हे बरोबर. खूण दिसली नाही म्हणून सुरक्षित आहोत, हे तर्कदुष्ट आहे.

अलीकडच्या छंदी वाङ्मयात आणखी एक रीत बोकाळली आहे, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. वेगमापक यंत्र स्वस्त झाले. मग थोड्या थोड्या फरकाने दहा मात्रांची दहा काडतुसे भरायची, प्रत्येकी एकच बार काढायचा आणि वेगाचा आलेख काढायचा. आलेख जिथे सपाट दिसेल ती मात्रा उत्तम, कारण तिथे दारू थोडी कमीजास्त झाली तरी वेग बदलत नाही, असा युक्तिवाद. ऐकायला शास्त्रीय वाटतो. शिक्षकांनी दोन फासे घ्यावेत. एकदा टाकून बेरजेत २ मिळवावे, दुसऱ्यांदा टाकून ४, तिसऱ्यांदा ६, असे दहा वेळा करून आलेख काढावा. मूळ वाढ अगदी सरळ रेषेत, प्रत्येक पायरीला २ आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही शेजारच्या नऊ जोड्यांपैकी सरासरी तीन ठिकाणी आकडा वाढणारच नाही, उलट घटेलही. ते झाले आपले ‘सपाट’ भाग. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकावेत, सपाट भाग दुसरीकडे सरकलेले असतील. एका पायरीने होणारी वाढ आणि एकाच मात्रेच्या बारांतला विखुरलेपणा जवळपास सारखा असला की असेच होते, आणि रायफलीतही तो बऱ्याचदा तसाच असतो.

पाच बार काढून प्रमाण विचलन सांगणाऱ्यांचीही गत फार बरी नाही. मोजमापे प्रसामान्य वितरणाची आहेत असे मानले, तर पाच मोजमापांवरून काढलेले विचलन खऱ्या विचलनाचा फार ढोबळ अंदाज देते. पंचाण्णव टक्के खात्रीने सांगायचे तर खरे विचलन त्या आकड्याच्या ०.६ पटीपासून जवळजवळ २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकते. दहा बार काढले तरी ०.७ पासून १.८ पट. दोन दारूंची विचलने ९ आणि १४ आली म्हणून पहिली चांगली ठरवणारा माणूस खरे तर नाणेफेकच करत असतो. चार पुस्तकांतील कमाल मात्रांची सरासरी काढा असा सल्लाही कुठे कुठे दिला जातो. चार वेगवेगळ्या नळ्यांची सरासरी ही कोणत्याच नळीची मात्रा नव्हे. सर्वांत मोठा आकडा निवडणाऱ्यांविषयी बोलण्यासारखे काही नाही.

एका गोष्टीचे श्रेय मात्र या पुस्तकांना द्यायलाच हवे. आरंभीच्या मात्रेपासून सुरुवात करा, पायरीपायरीने वर जा, पुंगळी, टोपी किंवा दारूची खेप बदलली तर पुन्हा खालून सुरू करा, ही सूचना जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ठळक छापलेली असते. आरंभीची मात्रा कमालीपेक्षा सुमारे दहा टक्के खाली असते. अधिक-उणे चिन्हाने जे सांगायचे ते या पुस्तकांनी रीतीच्या रूपाने सांगितले आहे. आमची तक्रार एवढीच की ती सूचना पुस्तकाच्या आरंभी असते आणि आकडे शेकडो पानांवर, आणि वाचक पान उघडतो ते आकड्यांचे.

२००६ साली विंचेस्टरच्या दारूंचे विक्रीहक्क हॉजडन कंपनीकडे आले. तेव्हापासून तिच्या कोष्टकांत त्या जुळ्या दारूंपुढे एकसारखेच आकडे छापले जाऊ लागले. व्यवहाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण न छापलेले अधिक-उणे जिथे दिसत होते ती जागा त्याबरोबर बुजली. कुणा वाचकाच्या परदेशस्थ आप्ताकडे त्याआधीची एखादी आवृत्ती पडून असेल, तर त्या दोन ओळींच्या पानाची छायाप्रत अवश्य मागवावी आणि प्रयोगशाळेत अनुमापनाच्या बाटल्यांशेजारी लावावी.