वस्तीतले काव्यमंडळ आणि शुद्धलेखनाचे सोवळे

आमच्या वस्तीच्या विहारात आम्ही काव्यमंडळ सुरू केले. पहिल्याच बैठकीत एका हमाल तरुणाने कविता वाचली. मी तिच्यातले ‘पानी’ खोडून ‘पाणी’ केले. पुढच्या बैठकीला तो आला नाही. दोष माझाच. १९७२ च्या ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी अनोळखी शब्दांचे अर्थ नामदेव ढसाळांना विचारून घेतले. पांढरपेशा नाटककाराला जे जमले, ते मला आपल्याच माणसापुढे जमले नाही. प्रमाणभाषेचे सोवळे आपणच नेसलो, तर विद्रोह कशाशी करायचा? आता आमचा नियम एकच: आधी ऐकायचे, मग विचारायचे. मात्र नुसता उमाळा म्हणजे कविता नव्हे, हेही स्पष्ट सांगायचे. खोटी वाहवा हाही अपमानच आहे.