वाकळेचे परीक्षण

मराठी टीकाकारांच्या संग्रही निंदेची जी काही ठरीव हत्यारे आहेत त्यांत गोधडीची उपमा हे एक जुने हत्यार होय. एखाद्या ग्रंथात इकडचे तिकडचे उतारे, उसने विचार आणि जुन्या कल्पना एकत्र आलेल्या दिसल्या, की 'ही तर नुसती ठिगळांची गोधडी' असा शेरा मारून परीक्षक मोकळे होतात. अशा शेऱ्याने ग्रंथास न्याय मिळतो किंवा कसे, हा प्रश्न आपण घटकाभर बाजूस ठेवू. गोधडीस तो मिळत नाही, इतके मात्र निश्चित. उपमान कसे सिद्ध होते हे ठाऊक नसता योजिलेली उपमा जुन्या साहित्यशास्त्राच्या दृष्टीनेही सदोषच ठरावयाची. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ग्रंथाऐवजी प्रत्यक्ष गोधडीच परीक्षणास घेतली आहे. आणि तीही नक्षीदार नव्हे, तर यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून आढळणारी, मोठ्या चौकोनांची अगदी साधी गोधडी. इकडे तिला वाकळ म्हणतात, आणि वऱ्हाडी बोलीत ळकाराचा यकार होत असल्यामुळे पुष्कळांच्या तोंडी ती 'वाकय' होते.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. रजईत किंवा गादीत पिंजलेला कापूस भरलेला असतो. वाकळेत सुटा कापूस मुळीच नसतो. वर चौकोनांचा जोड, मध्ये विरलेल्या धोतरांचे व लुगड्यांचे थर, आणि खाली सबंध लुगड्याचे अस्तर, असा तिचा संसार. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसास भलताच भाव आला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे घातली गेली तीही मुख्यतः कापूस वाहून नेण्याकरिताच. सरकी निघाली, गाठी बांधल्या गेल्या, आणि कापूस आगगाडीने मुंबईस व तेथून परदेशी गेला. पिकविणाऱ्याच्या घरी तो परतला तो विकत घेतलेल्या कापडाच्या रूपाने. आणि ते कापड अंगावर झिजून पातळ झाले म्हणजे त्याची वाकळ झाली. कापसाच्या प्रवासातील हा शेवटचा मुक्काम होय.

आता कृतीकडे वळू. नवे कापड वाकळेस चालत नाही. ते ताठ असल्यामुळे पाचसहा थरांतून सुई जाता जात नाही, आणि पहिल्याच धुण्यात ते आटले म्हणजे शेजारच्या जुन्या कापडास सुरकुत्या पडतात. अनेक वेळा धुवून ज्याचे आटणे संपले आहे असेच कापड घ्यावे लागते. त्यातही निवड आहे. लुगडे बसण्याच्या जागी आधी विरते. पदर व काठांजवळचा भाग टिकून राहतो. चौकोन निघतात ते या टिकलेल्या भागातून. विरलेला भाग मधल्या थरांत जातो. चौकोन कातरीने कापण्यापेक्षा फाडणे बरे, कारण फाडलेले कापड धाग्याच्या रेषेतच फाटते व कोपरा आपोआप काटकोनात येतो. शिवणीत प्रत्येक बाजूस अर्धा इंच जातो, म्हणून हातभर, म्हणजे १८ इंचांचा चौकोन हवा असल्यास तो १९ इंचांचा फाडावा. लुगड्याच्या पन्ह्यात असे दोन चौकोन बसतात. चार चौकोनांची एक ओळ, अशा पाच ओळी, एकूण वीस चौकोन. एवढ्यात सहा फूट रुंद व साडेसात फूट लांब वाकळ तयार होते.

येथे वाचकांनी थोडे गणित सहन करावे, अशी आमची विनंती आहे. कारण आमचे सारे म्हणणे या गणितावर उभे आहे. वीस चौकोन जोडावयास ओळींतील पंधरा आखूड शिवणी व ओळींमधील चार लांब शिवणी लागतात. त्यांची एकंदर लांबी साडेपंधरा वार भरते. तेवढीच वाकळ सहा-सहा इंचांच्या तुकड्यांची करावयाची म्हटले तर १८० तुकडे लागतात, आणि जोडशिवण साडेपंचावन्न वारांवर जाते. म्हणजे जोडकाम सुमारे साडेतीनपट वाढले. परंतु वाकळ जोडाने सिद्ध होत नाही. सर्व थर एकत्र धरून ठेवणारा जो धावदोरा, तो एकेक इंचाच्या अंतराने घातला तर त्याची लांबी सुमारे १८० वार होते. आणि वर तुकडे वीस असोत की एकशेऐंशी, ही लांबी रेसभरही बदलत नाही. तेव्हा मोठ्या चौकोनांच्या वाकळेत ठिगळांचे काम साडेपंधरा वार आणि धाग्याचे काम १८० वार! 'ठिगळांची गोधडी' असे म्हणणाऱ्याने वस्तूचा बारावा हिस्सा पाहून बाकीचे अकरा हिस्से दृष्टीआड केले, असे म्हणावयास काय हरकत आहे?

हे अकरा हिस्से कसे घडतात तेही पाहू. सारवलेल्या जमिनीवर अस्तर पसरतात, त्यावर थर व चौकोनांचा जोड ठेवून चारी कोपऱ्यांवर दगड मांडतात, आणि थर सरकू नयेत म्हणून प्रथम लांब लांब कच्चे टाके घालतात. मग मोठ्या नेढ्याच्या सुईने धावदोरा सुरू होतो. कोणी कडेपासून चौकटीमागून चौकट घालीत मध्याशी येते. कोणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस समांतर ओळींनी जाते. डावा हात कापडाखाली राहून थर सपाट आहेत की नाहीत याची चाचपणी करीत असतो. दोरा फार ओढला तर कापड आक्रसते, सैल सोडला तर थर सुटतात. योग्य ताण कोणता हे पुस्तकात सांगता येत नाही; तो बोटांनी शिकावा लागतो. शेतीची कामे उरकल्यानंतर व मृगाचा पाऊस येण्यापूर्वी मिळणाऱ्या दुपारींतून हे काम चालते.

तत्त्वचर्चा पुरे, आता एक विशिष्ट कृती पाहू. आम्ही हे लिहीत असता आमच्यासमोर दारव्हा तालुक्यातील एक वाकळ आहे. चार गुणिले पाच असे वीस चौकोन. आतील सहा चौकोन धोतराचे, पांढरे. कडेचे चौदा लुगड्यांचे, एकाआड एक निळे व तांबडे. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध व समतोल असे तीन नियम सांगितले आहेत. निळ्यातांबड्याच्या आवर्तनात संवाद, आतील पांढऱ्याशी त्यांचा विरोध, आणि चहूंकडून सारख्या पडलेल्या चौकटीत समतोल, असे ते तिन्ही येथे दाखविता येतील. परंतु एवढ्यावर थांबणारा परीक्षक निम्मेच पाहील. कडेचे कापड हनुवटीशी व पायांशी घासून आधी फाटते. म्हणून टिकाऊ चौकोन कडेला व पातळ धोतर आत, हा निर्णय प्रथम टिकाऊपणाचा आहे, आणि सौंदर्य त्याच निर्णयातून आले आहे. चौदांपैकी एके ठिकाणी तांबड्याऐवजी हिरवा चौकोन आहे. तांबडे कापड पुरले नाही, हे उघड आहे. मात्र तो हिरवा तुकडा कोठेतरी दडविलेला नाही. वरच्या ओळीत ठसठशीत बसविलेला आहे. चौकशी करता कळले की ती उशाकडील खूण आहे, पायांकडची बाजू रात्री तोंडावर येऊ नये म्हणून. टंचाईचे असे नियमात रूपांतर करणे, यालाच आम्ही रचना म्हणतो.

दोषही सांगितला पाहिजे. शेवटच्या तृतीयांशात टाका लांबला आहे, ओळींतील अंतर इंचाचे दीड इंच झाले आहे, आणि तेथे मधला थर गोळा होऊ लागला आहे. कंटाळ्याने असो वा पावसाळा जवळ आल्यामुळे असो, हात घाईला आला. करणारीची परिस्थिती कष्टाची आहे म्हणून हा दोष झाकणे आम्हांस मान्य नाही. जेथे दोष दाखविण्याचीही तसदी घेतली जात नाही तेथे आदरही खरा नसतो.

वाकळेविषयी आज जी चुकीची मते प्रचलित आहेत ती तीन प्रकारची आहेत. तुच्छतेचे मत आरंभीच आले. दुसरे भावविवशतेचे. या मताचे लोक वाकळ दिसताच आजीची माया, मायेची ऊब वगैरे शब्दांचा वर्षाव करतात. ऊब थरांमध्ये कोंडलेल्या हवेची असते, आणि थर नीट धरून ठेवण्याचे कौशल्य आजीचे असते. मायेचे नाव पुढे करून या कौशल्याची दखलच घेतली जात नाही. शिवाय जी वस्तू मायेने झाली तिचे मोल काय द्यावयाचे, असा सोयीस्कर निष्कर्षही त्यातूनच निघतो.

तिसरे मत रसिकांचे, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात गीज बेंड नावाचे गाव आहे. तेही आमच्या जिल्ह्यासारखेच कापसाचे. तेथील स्त्रिया पूर्वी गुलाम असलेल्यांच्या वंशातील. त्यांनी शेतातील झिजलेल्या कपड्यांच्या, मोठमोठ्या तुकड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या व त्यानंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्या भिंतीवर मांडल्या गेल्या, आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. साध्या, मोठ्या चौकोनांत रचनेचे धैर्य असते हे जगास कळले, हा लाभ आम्ही मोठा मानतो. परंतु भिंतीवर टांगलेल्या गोधडीचा फक्त दर्शनी जोड दिसतो. अस्तर भिंतीकडे जाते, आणि वजन, मऊपणा, ऊब यांचा पत्ताच लागत नाही. आनंद कुमारस्वामी यांनी वापरण्याच्या वस्तू संग्रहालयात ठेवण्याविषयी जी शंका घेतली होती ती येथे पूर्णपणे लागू पडते. वस्तू कशासाठी केली हे विसरून ती सुंदर आहे असे म्हणणे, म्हणजे ती समजली असे नव्हे.

आमच्या परंपरेत याहून समंजस दृष्टी आढळते. विनयपिटकात भगवान् बुद्धांनी मगधातील बांधबंदिस्त शेतांची आखणी आनंदास दाखवून तशा तुकड्यांचे चीवर भिक्षूंकरिता करविल्याची कथा आहे. जोडलेल्या वस्त्रास तेथे शेताची शिस्त मिळाली. जनाबाईच्या कथेत देव पहाटे घाईने देवळात परततात ते आपला शेला विसरून, जनीची वाकळ पांघरून. कथेने वाकळेची स्तुती केलेली नाही, कीवही केलेली नाही. देवाने ती पांघरली, एवढेच सांगितले. आणि वऱ्हाडातच, शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्यांचे वस्त्र जन्मभर अंगावर वागविले, ते कोणी कौतुक करावे म्हणून खचित नव्हे.

हा सर्व प्रपंच शाब्दिक नाही. शहरांतील दुकानांतून आज गोधडीस मागणी आली आहे. पण ती बारीक तुकड्यांच्या चमकदार जोडास. वीस चौकोनांची वाकळ 'ओबडधोबड' ठरून मागे पडते, आणि तिच्या १८० वार धावदोऱ्याचा हिशेब कोणी करीत नाही. दुसरीकडे कृत्रिम धाग्याच्या साड्या घरोघर झाल्यामुळे मऊ झालेले सुती कापड दुर्मीळ होत चालले आहे. कृत्रिम कापड निसरडे. थर एकमेकांवरून सरकतात, आणि त्यास घाम शोषता येत नाही. अशा वाकळेचे वैगुण्य पाहून बायकांचे कसब गेले असा निकाल देणे अन्यायाचे आहे. हात तोच आहे, कापूस पिकविणाऱ्याच्या घरातून सुती कापड गेले आहे. चुकीच्या परीक्षणाचा भुर्दंड ग्रंथकारास फार तर मनस्तापाच्या रूपाने बसतो. येथे तो मजुरीत बसतो.

शेवटी मूळ उपमेकडे. मोरोपंतांच्या आर्याभारतातील कथावस्तू व्यासांची आहे. तिला ठिगळ म्हणावयाचे असल्यास खुशाल म्हणावे. आर्येचा धावदोरा मात्र पंतांचा आहे, आणि आपण वाचतो तो त्याकरिता. उलटपक्षी, ज्यातील प्रत्येक तुकडा लेखकाचा स्वतःचा आहे, पण ज्याचे थर दोन वाचनांत सुटून येतात, असे ग्रंथही काही थोडे नाहीत. साहित्य कोठून आणले, हा प्रश्न परीक्षकाने अवश्य विचारावा; पण तो साडेपंधरा वारांचा प्रश्न आहे, हे विसरू नये. वाकळ पारखणारी अनुभवी बाई तिचा दर्शनी भाग क्षणभर पाहते, मग ती उलटून अस्तरावरून हात फिरविते. कारण टाक्याचे अंतर, दोऱ्याचा ताण व थरांची गाठ तेथे लपत नाहीत. ग्रंथपरीक्षकांनी निदान इतके तिच्यापासून शिकावे, आणि ते शिकेपर्यंत गोधडीचे नाव निंदेकरिता घेऊ नये.