गगनयानाची मॉड्युल-रचना : एक चिकित्सा

मानवी अंतराळयान एकाच मोहिमेपुरते रचावे, की एकच मूळ रचना निरनिराळ्या मोहिमांना पुरेल अशी ठेवावी, हा प्रश्न भारतीय संदर्भात आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये घोषित झालेल्या गगनयानाचे मूळ उद्दिष्ट तीन अंतराळवीरांना सुमारे ४०० कि.मी. उंचीवर तीन दिवस ठेवून सुखरूप परत आणणे एवढेच होते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या मॉड्युलचे कामही याच कार्यक्रमात समाविष्ट केले. एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपयांवर गेली. एकट्याने प्रदक्षिणा घालून परतणाऱ्या यानाकडून पुढे स्थानकाशी जोडले जाण्याची अपेक्षा आहे. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराच्या अंगाने यानाच्या रचनेचा विचार केला आहे.

गगनयानाचे दोन भाग आहेत. क्रू मॉड्युलमध्ये अंतराळवीर बसतात. सर्व्हिस मॉड्युलमध्ये इंजिने, इंधन व वीजनिर्मितीची व्यवस्था असते आणि परतीच्या वाटेवर ते टाकून दिले जाते. परंतु भाग पाडले की रचना मॉड्युलर झाली, ही समजूत भाबडी होय. खरी कसोटी सांध्याची असते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ चे अंतराळवीर चांद्र-मॉड्युलच्या आश्रयाने वाचले. म्हणजे एका मॉड्युलने नेमून न दिलेले काम निभावले. तथापि कार्बन डाय-ऑक्साइड शोषणारे कमांड मॉड्युलचे डबे चौकोनी, तर चांद्र-मॉड्युलमधील त्यांच्या जागा गोल! अखेर पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या व चिकटपट्टी यांनी तो मेळ घालावा लागला.

याउलट सोयुझ. त्याच्या तीन भागांपैकी केवळ परतीच्या कक्षालाच उष्णतारोधक कवच असते. राहण्याची जास्तीची जागा वेगळ्या कक्षात ठेवल्याने जड कवचाचा भार आटोक्यात राहतो. परतीच्या कक्षाऐवजी इंधनाच्या टाक्यांचा भाग बसवून १९७८ मध्ये 'प्रोग्रेस' हे मालवाहू यान सिद्ध झाले. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले ते याच सोयुझ कुळातील यानातून. अमेरिकी स्पेस शटलने मात्र सर्व कामे एकाच यानावर लादली. उपग्रह सोडायचा असला तरी माणसे न्यावीच लागत. १३५ उड्डाणांत दोन अपघात झाले व १४ अंतराळवीर दगावले.

गगनयानात सोयुझसारखा तिसरा कक्ष नाही. तीन दिवसांच्या मोहिमेस तो अनावश्यकच होता. त्याबद्दल रचनाकारांना दोष देता येत नाही. अडचण आहे ती क्रू मॉड्युलच्या निमुळत्या टोकाशी. तेथील आवरणाखाली १० पॅराशूट बसवलेली असतात, आणि डॉकिंगनंतर ये-जा करण्याचा बोगदाही स्वाभाविकपणे तेथूनच काढावा लागेल. अपोलोत बोगदा मध्यभागी ठेवून पॅराशूट त्याभोवती मांडली होती. तशी फेरमांडणी करावयाची तर पॅराशूट उघडण्याच्या चाचण्या पुन्हा घेणे ओघाने आले. १६ जानेवारी २०२५ रोजी 'स्पेडेक्स'च्या सुमारे २२० किलो वजनाच्या दोन उपग्रहांनी कक्षेत डॉकिंग साधले, ही मोठी उपलब्धी आहे. पण माणूस पलीकडे जाईल असा हवाबंद सांधा ही वेगळ्या प्रतीची गोष्ट आहे. स्थानकाच्या पहिल्या मॉड्युलसाठी २०२८ चे उद्दिष्ट ठरलेले असल्याने या सांध्याची मापे त्याआधीच पक्की करावी लागतील, आणि तीच मापे पुढे मालवाहू यानालाही लागू पडतील.