शिवेपलीकडची खुजी माणसे : दंतकथेच्या अर्थनिर्णयनाचा प्रश्न

गावाची शीव ही केवळ महसुली रेषा नसते. आपले कोण आणि परके कोण, याचा निवाडा लोकमानस तेथे करीत असते. मुंबई बेटाच्या उत्तर टोकावरील शीव कोळीवाड्याच्या नावात हा सीमावाचक शब्द आजही टिकून आहे. जगभरच्या दंतकथांतील खुजी माणसे राहतात तीही अशाच शिवेपलीकडे : गुहेत, डोंगरात, रानात. या कथांचा अर्थ लावताना त्यांच्या उंचीला महत्त्व द्यायचे की शिवेला, हा खरा प्रश्न आहे.

उंचीला महत्त्व देणारी परंपरा जुनी आहे. डेव्हिड मॅकरिची याने ‘द टेस्टिमनी ऑफ ट्रॅडिशन’ (१८९०) या ग्रंथात परीकथांतील बुटके म्हणजे एका ठेंगण्या मानववंशाची लोकस्मृती होय, असे प्रतिपादन केले. कालांतराने मागे पडलेल्या या भूमिकेला इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाने नवे बळ दिले. तेथील लिआंग बुआ गुहेत २००३ साली सुमारे १०६ सेंटिमीटर उंचीच्या, जेमतेम ४०० घनसेंटिमीटर मेंदूच्या प्रौढ व्यक्तीचा सांगाडा सापडला. २००४ मध्ये होमो फ्लोरेसिएन्सिस ही जाती जाहीर होताच, ग्रेगरी फोर्थ या मानवशास्त्रज्ञाने नागे समाजात नोंदवलेल्या ‘एबू गोगो’ या केसाळ, ठेंगण्या गुहावासीयांच्या कथेकडे पुरावा म्हणून पाहिले जाऊ लागले.

यातील पहिली अडचण कालगणनेची आहे. आरंभी सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचे मानलेले हे अवशेष २०१६ च्या फेरतपासणीत एक लाख ते साठ हजार वर्षांपूर्वीचे ठरले. एवढ्या अंतरावरून मौखिक परंपरेने शरीराचे तपशील वाहून आणले, असे मानणे कठीण आहे. दुसरी अडचण वाङ्मयीन आहे आणि ती अधिक गंभीर आहे. कथेला साक्षीदार केले की ती कथा म्हणून वाचलीच जात नाही. एबू गोगोच्या कथेचा गाभा उंचीत नसून शेवटात आहे. पिके चोरणाऱ्या या शेजाऱ्यांना गावकरी ताडाचे तंतू देतात आणि मग ते पेटवून त्यांना गुहेतच जाळतात. कथा सांगणारे जाळणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. भूमीवरील हक्क आणि त्यासाठी झालेली हत्या यांचे समर्थन ही कथा करते.

कर्नाटकातील हिरेबेणकल येथील महापाषाणयुगीन शिलागृहे ‘मोरियर’ नावाच्या बुटक्यांनी बांधली, अशी समजूत आहे. त्या दगडी खोल्यांची गोल, अरुंद भोके पाहिली म्हणजे ही कथा कोठून आली असावी ते उमगते : दार लहान, म्हणून राहणारा लहान. याउलट विदर्भातील जुनापाणीसारख्या ठिकाणच्या शिलावर्तुळांना ना दार ना खोली. एकोणिसाव्या शतकातील नोंदींत लोक ती गवळ्यांची मानतात. अशा कथा स्मरणातून निघत नाहीत, दगडाच्या वाचनातून निघतात. आधुनिक संशोधकही या नियमाला अपवाद नाहीत. फ्लोरेसच्या सांगाड्याला त्यांनी टोपणनाव दिले ते ‘हॉबिट’, म्हणजे टोल्किनच्या १९३७ च्या कादंबरीतले.

मग दंतकथेतून इतिहास शोधूच नये काय? मराठीत याचे उत्तर जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ने (१८७३) फार पूर्वी दिले आहे. वामन-बळीची कथा फुलेही इतिहास म्हणूनच वाचतात. मात्र बटूच्या तीन पावलांचे अद्भुत ते उपहासाने बाजूला सारतात आणि राज्य कोणाचे होते, ते कोणी घेतले व ही कथा कोणाच्या सोयीची आहे, हे विचारतात. त्यांचा आक्रमणविषयक तपशील आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. परंतु त्यांचा प्रश्न शाबूत आहे. मॅकरिची कथेत लुप्त शरीर शोधतो. फुले कथेत हिरावलेली भूमी शोधतात. एबू गोगोच्या कथेलाही हाच दुसरा प्रश्न लागू पडतो.

वाचनाच्या या दोन रीतींतील निवड केवळ तात्त्विक नाही. मुंबईच्या वसाहतकालीन इतिहासलेखनात कोळी हे ‘मूळ रहिवासी’ म्हणून आरंभीच्या पानांवर येतात आणि पुढे किल्ले, गोद्या, गिरण्या यांच्या वर्णनात दिसेनासे होतात. येथे साम्य खुजेपणाचे नाही, वाचनपद्धतीचे आहे : जो आधीचा, तो जणू संपलेला. शीव कोळीवाडा मात्र संपलेला नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वस्तीशेजारी तो आहे, जरी तेथील रेल्वे स्थानकाचे ‘कोळीवाडा’ हे नाव जाऊन ‘गुरू तेग बहादूर नगर’ झाले असले तरी. शिवेपलीकडच्यांना केवळ ‘स्मृती’ मानणारी समीक्षा शिवेवर जिवंत असलेल्यांनाही अवशेष ठरवू लागते. दंतकथेतील माणूस किती उंच होता, हे हाडे सांगतील. त्याला शिवेबाहेर कोणी घातले, हे मात्र कथेलाच विचारावे लागेल.