दहापैकी नऊ, पण कशाचे?

मागच्या वर्षी एका मित्राने ऑर्डर देऊन खास बनवून घेतलेली लाइटसेबर मागवली. ‘स्टार वॉर्स’ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: धातूची मूठ, बटण दाबलं की प्रकाशाचं पातं, आणि हलवली की घुमणारा आवाज. मी ती एक संध्याकाळ हाताळली आणि लॅबच्या ग्रुपवर लिहून टाकलं, ‘दहापैकी नऊ. डोळे झाकून घ्या.’

आमच्या एका ज्युनिअरने खरंच डोळे झाकून घेतली. फेलोशिपमधून साठवलेले पैसे होते. तिला ती हवी होती दर शनिवारच्या द्वंद्वाच्या सरावासाठी. तिसऱ्याच शनिवारी एक जोरदार वार अडवताना पात्याचा वरचा अर्धा भाग विझला, तो विझलाच. ती चिडली नाही. एवढंच विचारलं, “दादा, ते नऊ गुण नक्की कशाचे होते?”

मला उत्तर देता आलं नाही. संशोधन पद्धतीवर इतरांना ज्ञान देणाऱ्या माणसाला! म्हणून आज त्याच तलवारीचं परीक्षण पुन्हा करतोय, या वेळी नीट.

विक्रेत्याचा दावा होता: ‘द्वंद्वासाठी आणि प्रदर्शनासाठी’. सगळी गोम त्या ‘आणि’मध्ये आहे.

आधी प्रदर्शन. ही मूठ 1977 च्या पहिल्या चित्रपटातल्या ल्यूकच्या तलवारीवरून केलेली आहे. मूळ वस्तू मुळात तलवारीची नव्हतीच. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांनी लंडनमधल्या फोटोग्राफीच्या दुकानातून ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा-फ्लॅशच्या दांड्या उचलल्या, पकडीसाठी काळ्या पट्ट्या चिकटवल्या, क्लॅम्पमध्ये कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगाची पट्टी बसवली आणि खाली अडकवायला कडी लावली. आमच्या प्रतिकृतीत हे सगळं आहे: क्लॅम्पची तरफ, लाल बटण, पट्ट्या, कडी. कडा साफ, मुलामा एकसारखा. पात्यात एलईडीची पट्टी असल्यामुळे प्रकाश मुठीपासून टोकापर्यंत सरसर चढतो आणि टोकालाही तितकाच तेजस्वी राहतो. शेल्फवर ठेवायला याहून सुंदर वस्तू मी पाहिलेली नाही.

आता द्वंद्व. हा निव्वळ पोरखेळ समजू नका. 2019 मध्ये फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने लाइटसेबर द्वंद्वाला अधिकृत मान्यता दिली. डोक्याला किंवा धडाला स्पर्श झाला तर 5 गुण, हातापायांना 3, पंजाला 1. लढत 15 गुणांची किंवा तीन मिनिटांची. वार करण्याआधी पात्याचं टोक स्वतःच्या मागे न्यावं लागतं, कारण चित्रपटासारखे मोठे, दिसणारे वार हवेत. म्हणजे पात्यावर आदळआपट होणारच, आणि तीही नियमानेच!

आता पातं बघू. बाहेर पॉलिकार्बोनेटची नळी, आत पाठीला पाठ लावलेल्या दोन एलईडी पट्ट्या. नळी पातळ, साधारण दोन मिलिमीटर जाडीची, कारण पातळ नळीतून उजेड छान पसरतो. दणकट सरावासाठी लोक तीन मिलिमीटरची घेतात. पातं 36 इंचांचं, म्हणजे 91 सेंटीमीटर. मीटरला 144 दिवे धरले तर एका पट्टीवर सुमारे 131, दोन्हींवर मिळून 262. हे दिवे एकामागोमाग माळेसारखे जोडलेले असतात आणि रंगाचा संदेश एकाकडून पुढच्याकडे जातो. मधला एक सांधा धक्क्याने निखळला, की त्यापुढचे दिवे गेलेच. ज्युनिअरच्या तलवारीचं नेमकं हेच झालं.

दुसऱ्या प्रकारच्या तलवारीत एकच मोठा एलईडी मुठीत असतो आणि पातं म्हणजे नुसती पोकळ नळी. उजेड टोकाकडे मंदावतो, पण नळी फुटली तर दुसरी लावायची, काम संपलं. आमच्या मुठीत स्वतःचा दिवाच नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद.

आणि ज्या कडीला, तरफेला मी प्रदर्शनाचे गुण दिले, त्याच हातमोज्यात अडकतात. पकड बदलताना लाल बटण चुकून दाबलं जातं. म्हणजे इथला अवगुण हाच तिथला गुण आहे.

गंमत म्हणजे मूळ चित्रपटवाल्यांनाही हे एका वस्तूत जमलं नव्हतं. कमरेला लटकवायची मूठ वेगळी, आणि लढाईच्या दृश्यांसाठी प्रकाश परावर्तित करणारा लेप दिलेली, मोटरने फिरणारी कांडी बसवलेली मूठ वेगळी. तिची वायर नटाच्या बाहीतून जायची. पात्याची चमक नंतर फिल्मवर वाढवली गेली.

मग माझं चुकलं कुठे? मापात नाही. त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते खरंच नऊ गुणांचं होतं. चुका तीन झाल्या.

पहिली, सप्रमाणतेची. मी मोजलं देखणेपण आणि निष्कर्ष काढला टिकाऊपणाचा. विश्वसनीयता इथे उपयोगाची नव्हती. दहा वेळा गुण दिले असते तरी दहाही वेळा नऊच आले असते, आणि दहाही वेळा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून!

दुसरी, प्रभामंडळाची. अंधाऱ्या खोलीत पातं पेटलं, आवाज घुमला आणि मी विरघळलो. एक गुण डोळ्यांत भरला की बाकीचेही चांगले वाटू लागतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना गुण कसे देतात ते तपासून हा दोष दाखवला होता. मी त्यावर परीक्षेत टीप लिहिली आहे, तरी फसलो.

तिसरी, एका आकड्याची हाव. आज मी या तलवारीला प्रदर्शनासाठी नऊ आणि द्वंद्वासाठी चार गुण देईन. पण सरासरी साडेसहा मात्र अजिबात लिहिणार नाही, कारण साडेसहाची तलवार कोणाकडेच नाही. शेल्फवाल्याला नऊची मिळते, सराववाल्याला चारची.

तुम्ही लवकरच प्रश्नावल्या, गुणांकन तक्ते, निकष तयार कराल. वस्तू हातात घेण्याआधी एका कागदावर दोन ओळी लिहा: हे कोणासाठी, आणि ते याचं काय करणार? निकषांचे भार तिथेच ठरवा. दिवा पेटल्यावर ठरवलेले भार दिव्याच्याच बाजूने झुकतात.

ज्युनिअरने आता सरावासाठी साधी, जाड नळीची तलवार घेतली आहे. निम्मा खर्च मी दिला, ती नको म्हणत असताना. जुनी आमच्या लॅबच्या शेल्फवर आहे. अर्धीच पेटते. ग्रुपवरचा तो मेसेज मी पुसलेला नाही, खाली फक्त एक शब्द जोडलाय: ‘शेल्फसाठी.’